प्रायव्हेट पायलट लायसन्स काढायचंय? आधी मेडिकल करून या

मी फ्लाइंग इन्स्ट्रक्टर आहे. चौकशीला येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती तासांत होतं?" आकडा सांगणं सोपं आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं, म्हणजे आयकाओचं, मानक किमान ४० तास उड्डाणाचं आहे. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून शिकलात तर ३५. युरोपात ४५. त्यातले किमान १० तास सोलो, म्हणजे विमानात तुम्ही एकटे. पण किमान तासांत लायसन्स हातात पडलेली माणसं मी फार पाहिलेली नाहीत. साठ-सत्तर लागले तरी नवल वाटून घेऊ नका.

तास वाढतात ते बहुधा खंड पडल्यामुळे. आठवड्यातून तीनदा उडणारा विद्यार्थी पुढे सरकतो. महिन्यातून दोनदा येणारा अर्धा वेळ मागचंच गिरवत बसतो आणि त्याचे पैसे भरतो. म्हणून माझं पहिलं सांगणं पैशांचं आहे. किमान तासांच्या दीडपट खर्चाची तजवीज झाल्याशिवाय सुरुवात करू नका. अर्ध्यात पैसे संपून सहा महिने थांबलात, तर परत आल्यावर पुष्कळसं पुन्हा करावं लागतं.

हे लायसन्स काय देतं तेही आधी समजून घ्या. तुम्ही स्वतः विमान उडवू शकता, घरच्यांना-मित्रांना बसवू शकता. त्याबद्दल मोबदला घेऊ शकत नाही. ढगांत शिरता येत नाही, त्यासाठी इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे केवळ उपकरणांवर उडण्याची वेगळी परवानगी, लागतं. रात्रीच्या उड्डाणाचं प्रशिक्षण बऱ्याच देशांत वेगळं असतं.

मेडिकल

लोक आधी फी भरतात, गणवेश शिवतात, आणि मग डॉक्टरकडे जातात. उलटं करा. या लायसन्सला आयकाओच्या वर्गवारीत क्लास टू मेडिकल लागतं (अमेरिकेत त्याला थर्ड क्लास म्हणतात), आणि ते विमान वाहतूक नियामकाने नेमलेल्या डॉक्टरकडूनच करावं लागतं. चष्मा असला तरी बिघडत नाही, चष्मा लावून नीट दिसलं पाहिजे. रंगांधळेपणा, मधुमेह, हृदयविकार, फिट येणं, नैराश्यावरची औषधं, यातलं काही असेल तर कागदपत्रं घेऊन आधीच बोला. यातल्या पुष्कळ गोष्टींना मार्ग निघतो, वेळ मात्र लागतो. लपवू नका. सर्दीच्या साध्या गोळीनेही झोप येते, म्हणून औषध घेऊन उडण्याआधी विचारायची सवय आत्तापासूनच लावा.

वयाची अट लायसन्ससाठी १७ पूर्ण. पुष्कळ देशांत सोलोला १६ चालतं. रेडिओवर इंग्रजी बोलावं लागतं तिथे आयकाओची लेव्हल फोर लागते. ती साहित्यिक इंग्रजीची परीक्षा नव्हे. समोरच्याचं कळलं पाहिजे, आणि तुमचं त्याला.

शाळा निवडताना

चकचकीत इमारत बघू नका, हँगर बघा. किती विमानं आहेत यापेक्षा आज उडण्याजोगी किती आहेत ते विचारा. एका विमानामागे किती विद्यार्थी? तुम्हाला एकच इन्स्ट्रक्टर मिळेल की दर वेळी नवा? बिल कोणत्या मीटरवर होतं? हॉब्स मीटर इंजिन चालू असेपर्यंत घड्याळासारखा पळतो, टॅक मीटर इंजिनाचे फेरे (आरपीएम) कमी असले की हळू चालतो. टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, उभं राहण्यात जिथे वेळ जातो तिथे हा फरक महिनाअखेरीस खिशाला कळतो. सगळी फी एकरकमी मागणाऱ्या जागी मी माझ्या भावालाही पाठवणार नाही.

अभ्यास

एअर लॉ, हवामान, नॅव्हिगेशन, विमान उडतं कसं, परफॉर्मन्स, मानवी मर्यादा, रेडिओ. लेखी परीक्षेला साधारण हेच विषय. प्रश्नसंच पाठ करून पास होता येतं, पण परीक्षक तोंडी परीक्षेत दोन मिनिटांत ओळखतो. मी विद्यार्थ्याला प्रत्येक विषयातलं एक गणित विमानाशी जोडायला लावते.

उदाहरणार्थ, डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणानुसार विमानाला जाणवणारी उंची. प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सियस, आणि दर हजार फुटांना साधारण २ अंशांनी कमी. धावपट्टी २००० फुटांवर, तर तिथे ११ अंश हवेत. प्रत्यक्षात ३६ आहेत, म्हणजे २५ अंश जास्त. प्रत्येक जादा अंशाला सुमारे १२० फूट धरा: ३००० फूट. तुमचं विमान ५००० फुटांवर असल्यासारखं वागणार. पंखांना हवा विरळ, प्रोपेलरला विरळ, इंजिनालाही विरळ. धावपट्टी तेवढीच, टेक-ऑफला मात्र जास्त लागणार.

किंवा वजन. सेस्ना १७२ एस या चार सीटच्या विमानाचं कमाल टेक-ऑफ वजन ११५७ किलो. टाक्या भरल्या की वापरता येणारं पेट्रोल साधारण २०० लिटर, लिटरला सुमारे ०.७२ किलो धरलं तर १४४ किलो. रिकाम्या विमानाचं वजन मांडा, चार मोठी माणसं मांडा, बेरीज करा. चार सीट म्हणजे चार माणसं, हा समज तिथेच गळून पडतो.

विमानाचं हँडबुक पहिल्याच आठवड्यात विकत घ्या. आणि घरी खुर्चीत बसून, समोर कॉकपिटचा फोटो लावून, चेकलिस्ट मोठ्याने म्हणत, हात त्या त्या स्विचकडे नेत सराव करा. घरचे हसतील. यापेक्षा स्वस्त उड्डाण दुसरं नाही.

विमानात

सुरुवात प्री-फ्लाइटने, म्हणजे उड्डाणाआधीच्या तपासणीने. टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल काढून बघायचं असतं, कारण पाणी जड, ते खाली बसतं. १००एलएल, म्हणजे छोट्या विमानांचं नेहमीचं पेट्रोल, निळसर असतं. नमुन्यात पाणी आणि पेट्रोलमधली रेघ शोधायला सगळे शिकतात. पण सगळाच नमुना पाण्याचा असेल तर रेघ दिसणारच नाही, म्हणून रंगही बघा, वासही घ्या.

पहिले काही तास सरळ-सपाट उडणं, वळणं, चढणं, उतरणं. नवा विद्यार्थी कंट्रोल मुठीत आवळून धरतो आणि डोळे डायलवर खिळवतो. दोन बोटांनी धरा, ट्रिम करा (हाताला जाणवणारा कंट्रोलचा दाब ट्रिमच्या चाकाने काढून टाका), बाहेर क्षितिजाकडे बघा. चढताना विमानाचं नाक डावीकडे जातं, कारण प्रोपेलर कॉकपिटमधून बघताना उजवीकडे फिरतो. उजवा रडर (पायाखालचं उजवं पेडल) द्या. हे वाक्य मी दिवसभर म्हणत असते.

मग स्टॉल. लोकांना वाटतं, इंजिन बंद पडलं की स्टॉल. इंजिनाचा संबंध नाही. पंखाचा हवेशी होणारा कोन एका मर्यादेपलीकडे, साधारण १५-१६ अंशांपलीकडे, गेला की पंखावरची हवा सुटते आणि पंख विमानाला उचलून धरेनासा होतो, हाच स्टॉल. कोणत्याही वेगाला, कोणत्याही स्थितीत. ६० अंशांच्या वळणात उंची राखायची तर पंखांवर दुप्पट भार येतो आणि स्टॉलचा वेग ४१ टक्क्यांनी वाढतो: ५० नॉट्सचा ७० होतो (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल). फायनलकडे, म्हणजे उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्याकडे, वळताना धावपट्टीची रेषा ओलांडली म्हणून कमी उंचीवर वळण आवळणं एवढं धोक्याचं का, ते या आकड्यात आहे. उतारा एकच: नाक खाली, कोन कमी. हात उलट करायला धडपडतो, म्हणून उंचीवर जाऊन पुन्हा पुन्हा करायचं.

त्यानंतर सर्किट्स, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या चौकोनी फेऱ्या. टेक-ऑफ, क्रॉसविंड, डाउनविंड, बेस, फायनल, लँडिंग, परत टेक-ऑफ. इथे विद्यार्थी रडकुंडीला येतात. लँडिंग खराब होतं ते बहुतेकदा धावपट्टीवर नव्हे, दोन मैल आधी. वेग जास्त, उंची जास्त, मग घाईने सगळं शेवटच्या क्षणी आवरायचं. फायनलला वेग धरा. १७२ एस फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) टाकून ६५ नॉट्सच्या आसपास. १० टक्के जास्त वेगाने आलात तर जिरवायची ऊर्जा २१ टक्के जास्त. म्हणून विमान धावपट्टीवर तरंगत राहतं. फ्लेअर करताना, म्हणजे टेकण्याआधी नाक हळूच वर घेताना, नजर नाकासमोरच्या डांबरावर नको, धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे न्या. जवळ बघितलं की जमीन अंगावर येते आणि हात जोरात मागे ओढतो. विमान वर उचललं गेलं, तर नाक खाली ढकलू नका. थोडं थांबा, किंवा पूर्ण पॉवर देऊन गो-अराउंड करा, म्हणजे न उतरता पुन्हा वर जा. गो-अराउंड करणाऱ्याला मी कधी बोललेली नाही. न करणाऱ्याला खूप बोलले आहे.

एका दिवशी इन्स्ट्रक्टर दार उघडून उतरेल आणि म्हणेल, तीन सर्किट्स कर. तारीख आधी विचारू नका, ती सांगायची नसते. एक माणूस कमी झाल्यामुळे विमान नेहमीपेक्षा लवकर उचलतं आणि भराभर चढतं, एवढं लक्षात ठेवा.

क्रॉस-कंट्रीत, म्हणजे एका विमानतळावरून दुसरीकडे जाणाऱ्या उड्डाणांत, किमान पाच तास सोलो, त्यात एक उड्डाण किमान २७० किलोमीटरचं, दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. जीपीएस असू द्या, पण पेन्सिल-नकाशा सोडू नका. साठातला एक, हा नियम इथे कामी येतो: ६० नॉटिकल मैलांत १ मैल भरकटलात तर चूक १ अंशाची. ३० मैलांवर २ मैल बाजूला आहात? चूक ४ अंश. पुढे ६० मैल उरलेत, म्हणजे आणखी २. एकूण ६ अंश वळा, मुक्कामी पोचाल. इंधनाचा नियम दिवसा ३० मिनिटं राखीव सांगतो. माझ्या विद्यार्थ्यांना एक तास.

चाचणी आणि नंतर

आधी तोंडी, मग उड्डाण. परीक्षक कुठेतरी थ्रॉटल मागे ओढून म्हणणारच, "इंजिन गेलं." ग्लाइडचा, म्हणजे इंजिनाविना तरंगत उतरण्याचा, वेग धरा (१७२ एसला ६८ नॉट्स), शेत निवडा, मग कारण शोधा, मग रेडिओ. बहुतेक जण आधी रेडिओकडे धावतात. त्या दिवशी हवामान पटत नसेल तर परीक्षकाला सरळ सांगा, आज नको. त्याने नापास होत नाही. परीक्षकाला उलट बरं वाटतं.

लायसन्स मिळालं की लगेच सगळ्या गणगोताला बसवू नका. अमेरिका आणि युरोप दोन्हीकडे, प्रवासी न्यायचे तर मागच्या ९० दिवसांत तीन टेक-ऑफ आणि तीन लँडिंग झालेली हवीत. मी एवढं आणखी सांगते: पहिला प्रवासी एकच, उड्डाण अर्ध्या तासाचं, सकाळच्या शांत हवेत. इंजिन चालू करण्याआधी त्याला पट्टा कसा सुटतो आणि दार कसं उघडतं ते स्वतःच्या हाताने करून बघायला लावा. टेक-ऑफ आणि लँडिंगच्या वेळी गप्पा बंद, दुसरं विमान दिसलं तर मात्र लगेच बोट दाखवायचं, हेही जमिनीवरच सांगा. उलटीची पिशवी त्याच्या हाताशी द्या. मागच्या सीटवर ठेवलेली ऐन वेळी सापडत नाही.