चिनी सुलेखन पाहताना: आधी रेघ, मग अक्षर, मग पान

चिनी सुलेखनासमोर नवखा माणूस उभा राहिला की पहिला प्रश्न येतो, "यात लिहिलंय काय?" अर्थ कळला तर आनंदच आहे, पण पारख तिथून सुरू होत नाही. जाणकार आधी हात पाहतो: कुंचला कुठे टेकला, कुठल्या दिशेने निघाला, कुठे दाबला गेला, कुठे उचलला. श्वान हा सुलेखनाचा पारंपरिक चिनी कागद शाई पटकन पितो. त्यावर पडलेली रेघ पुसता येत नाही, आणि दुरुस्तीसाठी तिच्यावरून पुन्हा कुंचला फिरवला तर तो डाग लपत नाही. त्यामुळे लिहिलेला कागद म्हणजे हाताच्या हालचालीचा माग. तो वाचायला चिनी भाषा आलीच पाहिजे असे नाही. रेघांचा क्रम मात्र आलाच पाहिजे.

क्रमाचे मुख्य नियम थोडेच आहेत. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी आधी आणि तिला छेदणारी उभी नंतर, चौकट असेल तर बाहेरचा भाग, मग आतला, आणि तळाची रेघ शेवटी. जुन्या पानावर ओळी उभ्या असतात आणि उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात. एखाद्या अक्षराचे मोठे छायाचित्र घ्या आणि कोरड्या बोटाने त्याच क्रमाने गिरवा. रेघ जाड आहे तिथे बोटाचा दाब वाढवा, बारीक आहे तिथे उचला. दिवसाला दोन-तीन अक्षरे पुष्कळ झाली. पानभर नजर फिरवण्यापेक्षा एका अक्षराचा असा कित्ता जास्त शिकवतो.

लेखनाच्या पाच शैली आहेत: ज्वानशू (जुनी, शिक्क्यांवरची), लीशू (जुनी कारकुनी), काइशू (सुटी, नियमित), शिंगशू (वाहती) आणि त्साओशू (अतिजलद). सुरुवात काइशूपासून करावी, कारण तिच्यात प्रत्येक रेघ सुटी असते आणि तिचा आरंभ व शेवट स्पष्ट दिसतो. एका शैलीची मोजपट्टी दुसरीला लावणे ही नवख्यांची नेहमीची चूक. काइशूची आडवी रेघ उजवीकडे किंचित चढते. ती अगदी सपाट असेल तर अक्षर मेल्यासारखे वाटते. लीशूची आडवी रेघ मात्र सपाटच हवी. तिथे एका रेघेचा शेवट हंसाच्या शेपटीसारखा वर उचललेला असतो आणि एका अक्षरात अशी शेपूट एकदाच येते, दोनदा आली तर दोष. शिआनच्या पैलिन संग्रहालयातला इ.स. 185चा त्साओ छ्वान शिलालेख लीशूसाठी पाहावा.

आता रेघ. तिचे तीन भाग वेगळे पाहायचे: टेकणे, चालणे, थांबणे. टेकताना टोक आधी उलट दिशेला जाऊन मग वळते, म्हणजे ते रेघेच्या पोटात लपते. किंवा ते सरळ उघडे पडते. दोन्ही चालते, पण पानभर एकच तऱ्हा असेल तर कंटाळा येतो. चालताना टोक रेघेच्या मधून जावे अशी अपेक्षा असते. ओळखायची खूण सोपी आहे: टोक मधून गेले असेल तर दोन्ही कडा सारख्या येतात, आणि कुंचला आडवा पडला असेल तर एक कड गुळगुळीत, दुसरी करवतीसारखी फाटकी येते. आडवा कुंचला सर्वस्वी वर्ज्य नाही. शिंगशूत त्याने चपळता येते, पण सगळ्या रेघा तशाच असतील तर अक्षराला हाड उरत नाही. चिनी परंपरेत चांगल्या रेघेला 'वाळूत आराने (टोकदार टोचणीने) ओढलेली रेघ' म्हणतात, कारण वाळू दोन्ही बाजूंनी सारखी सरते आणि टोक खोल मधोमध राहते.

दोषांनाही जुनी नावे आहेत, आणि ती पाठ केली की डोळा लवकर तयार होतो. रेघ मध्येच अकारण बारीक झाली तर 'गांधीलमाशीची कंबर', जोडावर गाठ आली तर 'करकोच्याचा गुडघा', आरंभ बोजड झाला तर 'बैलाचे डोके', शेवटी रेघ न थांबता निसटून झिजली तर 'उंदराची शेपटी'. मांस खूप आणि हाड नाही अशा लठ्ठ, पसरट लेखनाला 'शाईचे डुक्कर' म्हणतात. यातला प्रत्येक दोष हाताच्या एका ठरावीक चुकीतून येतो. बैलाचे डोके टेकताना जास्त दाबल्याने होते, उंदराची शेपटी थांबायची घाई केल्याने. कारण कळले की टीका नेमकी होते.

मराठी वाचकाने इथे एक सावधगिरी बाळगावी. बोरूने लिहिलेले देवनागरी किंवा मोडी पाहून तयार झालेला डोळा जाडी-बारकी कलमाच्या कोनातून येते असे मानतो, कारण बोरूचे टोक तिरके कापलेले असते. कुंचल्याची जाडी येते दाबातून. शिवाय देवनागरी अक्षर शिरोरेघेला टांगलेले असते. चिनी अक्षराला टांगायला काही नाही. ते एका अदृश्य चौकोनात स्वतःच्या मध्याभोवती तोल धरते.

तो तोल समजायला दोन काइशू शेजारी ठेवा. ओउयांग श्युनचा 632चा च्योउछंग महालाचा शिलालेख: अक्षर उंच, मध्यभाग घट्ट, रेघा काटेकोर. आणि यान झेनचिंगचा 779चा यान छिनली शिलालेख: उभ्या रेघा जाड, आडव्या बारीक, दोन्ही बाजूंच्या रेघा बाहेर फुगलेल्या, पोट मोकळे. दोन्ही श्रेष्ठ, पण तोल साधायची रीत अगदी उलट. पान उलटे धरून पाहिले की काळे विसरायला होते आणि रेघांमधले पांढरे दिसू लागते. चांगल्या अक्षरात ते पांढरेही आखीव असते. आमच्या मते नवख्याला यापेक्षा उपयोगी युक्ती दुसरी नाही.

शिलालेखाचे ठसे (दगडावर कागद ठेवून शाईने उठवलेल्या प्रती) पाहताना मात्र छिन्नी वजा करावी लागते. काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या अक्षराचे धारदार कोपरे बरेचदा कोरणाऱ्याचे असतात. ह्युएनत्संग महाराष्ट्रातून प्रवास करून परतला, आणि त्याच्या अनुवादांसाठी थांग सम्राटाने लिहिलेली प्रस्तावना शिआनमध्ये दोनदा कोरली गेली. 653ची सुलेखनकार चू स्वेइलियांगच्या हातची, तायान पॅगोड्याच्या पायथ्याशी. 672ची, भिक्षू ह्वाइरेनने चौथ्या शतकातला श्रेष्ठ सुलेखनकार वांग शीझी याच्या लेखनातून एकेक अक्षर वेचून जुळवलेली, आता पैलिनमध्ये. मजकूर एकच, पण दुसऱ्यात ओळीचा प्रवाह शोधू नये. अक्षरे वेगवेगळ्या ठिकाणांहून आली आहेत, म्हणून तिथे सुटे अक्षरच पाहावे.

प्रवाह पाहायचा तर कागदावरचे शिंगशू. वांग शीझीची 353मधली लानथिंगची प्रस्तावना 28 ओळींची, 324 अक्षरांची. मूळ प्रत हरवली आहे आणि आज दिसतात त्या नकला. तिच्यात 之 ('झ') हे तीन-चार रेघांचे अक्षर वीसेक वेळा येते आणि दर वेळी वळण वेगळे. ती सगळी 'झ' एका कागदावर काढून पाहा. सगळी अक्षरे एका मापाची, मणी ओवल्यासारखी लिहिणे हा मोठा दोष का मानतात, ते आपोआप कळते. शाईसाठी यान झेनचिंगचा 758चा पुतण्याच्या श्राद्धाचा मसुदा पाहावा. तो तैपेईच्या राष्ट्रीय महाल संग्रहालयात आहे. बंडात मारल्या गेलेल्या पुतण्यासाठी लिहिलेला हा कच्चा खर्डा, खाडाखोडीसकट. ओली काळी अक्षरे हळूहळू कोरडी, फाटकी होत जातात, मग एकदम पुन्हा ओली. म्हणजे तिथे कुंचला बुडवला. हे बुडवण्याचे बिंदू शोधून काढा. श्वास कुठे घेतला ते कळते. त्याच संग्रहालयातल्या, कवी सू शीच्या 1082च्या हानशी लेखनात अक्षरे सुरुवातीला लहान आणि पुढे मोठी होत जातात, मध्येच एखादी उभी रेघ दोन-तीन अक्षरांची जागा घेत खाली उतरते. मोठ्या रेघेखाली सोडलेली मोकळी जागा नीट पाहा.

लाल शिक्क्यांनी भारावून जाऊ नये. लेखकाचा नावाचा शिक्का सहीखाली असतो. बाकीचे बरेचसे नंतरच्या संग्राहकांचे. त्यांवरून मालकी कळते, गुण नव्हे. आजच्या लेखनाचे परीक्षण करताना दोन गोष्टी आधी तपासाव्यात: अक्षर चुकीचे तर नाही, आणि एकाच कृतीत जुनी व सुलभ केलेली अक्षररूपे मिसळली तर नाहीत. त्यानंतर रेघ, रचना, पान, शाई, या क्रमाने. वेगाचा देखावा करणारे त्साओशू सर्वांत फसवे असते. त्यातले एक वळण बोटाने गिरवून पाहा. रेघ कुठून कुठे गेली हे कळेनासे झाले, तर बहुधा लिहिणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हते.

थोडे तरी लिहून पाहावेच. शेळीचे आणि वीझल या लहान प्राण्याचे केस मिसळलेला, साधारण 4 सेंटीमीटर केसांचा कुंचला घ्या. बाटलीतली शाई आणि स्वस्त बांबूचा कागद चालेल. कच्चा श्वान कागद पहिल्या दिवशी नको, शाई पसरते आणि दोष हाताचा की कागदाचा ते कळत नाही. 8 सेंटीमीटरची चौकट आखा, कुंचला उभा धरा, जास्तीची शाई दौतीच्या काठावर निपटा, आणि नुसती आडवी रेघ रोज 50 वेळा ओढा. दोन आठवड्यांनी यान छिनलीचे तेच पान पुन्हा उघडा आणि फक्त आडव्या रेघा पाहा.