आंबट चेरीची बाग: जागा, खुंट आणि फांदीची लांबी

केकवरची लाल ‘चेरी’ आपल्याकडे बहुतेक वेळा पाकात मुरवलेले, रंगवलेले करवंद असते. खरी आंबट चेरी थंड मुलखातली. हिवाळ्यात ७ अंश सेल्सिअसखाली साधारण १,००० तास मिळाले नाहीत तर तिच्या कळ्या नीट फुटत नाहीत, तेव्हा महाराष्ट्रात हा प्रयोग करू नये. अमेरिकेतले बरेचसे पीक मिशिगनमधून येते आणि मुख्य जात ‘मॉन्टमोरन्सी’. पुढची माहिती तिथल्या बागांना धरून आहे.

जागा उताराची हवी. थंड हवा पाण्यासारखी खोलगट भागात साचते. फुले पूर्ण उमलली असताना उणे २ अंशाला काही फुले जातात, उणे ४ ला जवळजवळ सगळी. २०१२ मध्ये मार्चमध्ये उकाडा पडला, कळ्या लवकर सुटल्या आणि एप्रिलच्या दहिवराने मिशिगनचे सुमारे ९० टक्के पीक गेले. अशा रात्री पंखे वरची उबदार हवा खाली ढकलतात; पण वरची हवाही गार असेल तर त्यांचा उपयोग नाही.

माहालेब या रानचेरीच्या खुंटावरची (ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधतात तो खुंट) कलमे खोल, रेताड, निचऱ्याच्या जमिनीत लावा. पाणी तुंबले की या खुंटाची मुळे कुजतात. दोन ओळींत २० फूट आणि दोन झाडांत १८ फूट धरले तर एकरी १२१ झाडे बसतात. कलमे विषाणूमुक्तच घ्या. चेरीची पाने पिवळी पाडणारा विषाणू परागांतूनही पसरतो, म्हणून जुन्या रोगट बागेला लागून नवी लागवड नको.

आता सर्वांत महत्त्वाचे. मॉन्टमोरन्सीची वर्षभराची फांदी १८ सेंटिमीटरपेक्षा आखूड राहिली, तर तिच्या बाजूच्या जवळजवळ सगळ्या कळ्या फुलकळ्या होतात. त्या वर्षी फळ भरपूर येते, शेतकरी खूश होतो. पण फुलकळीच्या जागी पुन्हा पान फुटत नाही. फांदीचा तेवढा भाग कायमचा उघडा पडतो आणि काही वर्षांत बाग शेंड्यापुरती फळते. म्हणून उत्पादन देणाऱ्या झाडावर दरवर्षी २० ते ३० सेंटिमीटर नवी वाढ दिसलीच पाहिजे. कमी दिसली तर आधी नत्र आणि पाणी तपासा, मग जुन्या फांद्या विरळ करून आत ऊन येऊ द्या. विषाणूचा त्रास असलेल्या बागेत फुलोऱ्यानंतर २ ते ४ आठवड्यांत जिबरेलिक आम्लाची (झाडाच्या वाढीच्या संप्रेरकाची) फवारणी करतात. तिने पानकळ्या वाढतात, पण मात्रा जास्त झाली तर पुढच्या वर्षीची फुले घटतात.

रोगांमध्ये पानांवरच्या ठिपक्यांना सर्वाधिक जपा. बुरशी गळलेल्या पानांत हिवाळा काढते. जुलैतच पाने गळाली तर फळ गोड होत नाही आणि अशक्त झाड थंडीत मरते. पाकळ्या गळू लागल्यापासून दर ७ ते १० दिवसांनी बुरशीनाशक द्या, औषधाचा गट बदलत राहा. तोडणीनंतरची एक फवारणी चुकवू नका.

मॉन्टमोरन्सी स्वतःच्या परागावर फळते, तरी मधमाश्या लागतातच. फळ जुलैत यंत्राने खोड हलवून पाडतात. झाड सहा-सात वर्षांचे होईपर्यंत यंत्र लावू नका, साल सुटते. पडलेली फळे लगेच थंड पाण्याच्या टाकीत घाला, नाहीतर ती मऊ पडून बी काढताना फाटतात.

नवी जात काढायची असेल तर आधी गुणसूत्रे मोजा. आंबट चेरीची ३२, गोड चेरीची १६. या दोघींच्या संकरातून सहसा २४ गुणसूत्रांची, जवळजवळ वांझ रोपे निघतात. त्यामुळे आंबट चेरीच्याच दोन जाती निवडा, उदाहरणार्थ मॉन्टमोरन्सी आणि हंगेरीतून आलेली, लाल गराची ‘बालाटॉन’. कळी फुगलेली पण न उमललेली असताना चिमट्याने पुंकेसर काढा, दुसऱ्या जातीचे वाळवलेले पराग कुक्षीवर लावा. पिकलेल्या फळाचे बी धुऊन ओलसर वाळूत ४ अंशाला तीन-चार महिने ठेवा. उगवण कमी असते, म्हणून शेकडो फुले हाताळावी लागतात. रोप फळायला आणखी तीन ते पाच वर्षे घेते, आणि निवडलेले झाड डोळा भरूनच (त्याची कळी खुंटावर बसवून) वाढवायचे, कारण त्याच्या बीचे रोप त्याच्यासारखे निघत नाही.