जुनं 'वॉन्टेड' पोस्टर खरं की छापील नक्कल?

अमेरिकेतल्या ग्रीनकॅसलसारख्या छोट्या गावातली सेंट्रल नॅशनल बँक 23 ऑक्टोबर 1933 ला लुटणाऱ्या जॉन डिलिंजरच्या पोस्टरच्या नकला बाजारात ढिगाने मिळतात. आधी मजकूर वाचा, भिंग नंतर. डिलिंजर 22 जुलै 1934 ला मारला गेला आणि अमेरिकी तपास खात्याला 'फेडरल ब्युरो ऑफ इन्व्हेस्टिगेशन' (एफबीआय) हे नाव आलं 1935 मध्ये. त्याआधी खात्याचं नाव 'डिव्हिजन ऑफ इन्व्हेस्टिगेशन' होतं. पोस्टरवर एफबीआय दिसलं, की पुढे घासाघीस करूच नका. पत्त्यात झिप कोड (अमेरिकेचा पिनकोड) असेल तरी तेच, तो 1963 चा.

मग अंधाऱ्या खोलीत 365 नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च मारा. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात ब्राइटनर (कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घालतात ते रसायन) आहे, म्हणजे कागद साधारण 1950 नंतरचा. न चमकणं मात्र पुरावा नव्हे. जुन्या वहीच्या कोऱ्या पानावरही कोणी छापू शकतं. 10 पट भिंगातून काळ्या अक्षरांत निळे-गुलाबी-पिवळे ठिपके दिसले तर तो रंगीत प्रिंटर. घडीवरून बोट फिरवा: खऱ्या घडीवर शाई तडकलेली असते, नकलेत घडीची नुसती सावली छापलेली, हाताला सपाट. चहात बुडवलेला कागद सगळीकडे सारखाच तपकिरी होतो. खरा कडांना जास्त पिवळतो.

अस्सल निघालं तर लॅमिनेशन आणि सेलोटेप अजिबात नको, डिंकाचे डाग कागदात मुरतात. आम्लरहित पुठ्ठा, वर मायलारचं (पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मचं) पाकीट.