म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे दुखतायत? घरी काय करायचं, काय अजिबात नाही करायचं

कुत्रं म्हातारं झालं की घरातले सगळे एकच म्हणतात, वय झालंय आता त्याचं, पडून राहतंय. पण बऱ्याचदा ते दुखतंय म्हणून पडून राहिलेलं असतं, आणि कुत्रं दुखलं म्हणून ओरडत नाही, विव्हळत नाही, त्यामुळं आपल्याला कळतच नाही. संधिवात पूर्ण बरा होत नाही हे खरंय, सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, झिजली की परत येत नाही, पण दुखणं मात्र भरपूर कमी करता येतं आणि त्यातलं अर्ध्याहून जास्त काम घरीच होतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी ओळखायचं कसं ते बघा. सकाळी उठताना नीट लक्ष द्या. पुढचे पाय टेकवून छातीचा भाग उचलतंय आणि मागचा भाग तसाच खाली राहतोय, दोनतीनदा जोर लावल्यावर कसंबसं उठतंय, पहिली पाच-दहा पावलं ताठ टाकतंय आणि मग जरा मोकळं चालायला लागतंय, तर ही संधिवाताची अगदी नेहमीची खूण. थंडीत हे जास्त दिसतं. बाकी मग जिना चढताना थांबणं, गाडीत उडी न मारणं, एकच सांधा सारखा चाटत बसणं, शी करताना नीट बसता न येणं, कंबरेला हात लावला की गुरगुरणं. अजून एक, मागच्या दोन्ही मांड्या दोन्ही हातांनी एकदम धरून बघा, ज्या पायात दुखतंय तो पाय कुत्रं कमी वापरतं त्यामुळं तिकडची मांडी बारीक लागते. आणि मोबाईलवर घरातल्या चालण्याचा व्हिडिओ काढून ठेवा, कारण दवाखान्यात गेलं की घाबरून कुत्रं एकदम नीट चालतं आणि डॉक्टरला काही दिसतच नाही.

लंगडणारं प्रत्येक कुत्रं संधिवाताचं नसतं हेही सांगायला पाहिजे. आपल्याकडं गोचीड ताप खूप आहे, त्यातही सांधे धरतात, पण सोबत ताप असतो, खाणं सुटतं, हिरड्या पांढुरक्या दिसतात, आणि त्याचं औषध वेगळं. एका दिवसात अचानक मागचा पाय उचलूनच धरला तर गुडघ्यातलं लिगामेंट तुटलेलं असू शकतं. मोठ्या जातीच्या कुत्र्याच्या पायाच्या हाडावर कडक सूज आली असेल तर हाडाचा कॅन्सर नाही ना हे बघावं लागतं. म्हणून एकदा तपासणी आणि शक्य असेल तर एक्स-रे करून घ्याच. सगळ्या दवाखान्यात एक्स-रे मशीन नसतं, आधी फोन करून विचारा. साताऱ्याकडच्यांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं चौकशी करता येते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरातली माणसांची पेनकिलर कुत्र्याला द्यायची नाही. पॅरासिटामॉल नाही, आयबुप्रोफेन नाही, डायक्लोफिनॅक तर नाहीच. डायक्लोफिनॅक जनावरांसाठी वापरायला 2006 पासून बंदी आहे, ती गिधाडं मरत होती म्हणून आली, पण कुत्र्याच्याही पोटात त्यानं अल्सर होऊन रक्तस्राव होतो. गोळी नाही देत फक्त मलम चोळतो असं म्हणणारे खूप भेटतात, पण कुत्रं ते मलम दोन मिनिटात चाटून टाकतं, म्हणजे पोटात गेलंच की. डॉक्टर बहुतेक मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेन देतात. मेडिकलमधे मेलॉक्सिकॅम माणसांसाठीही मिळतं म्हणून तेच आणलं असं करू नका, माणसाची गोळी 7.5 किंवा 15 मिलिग्रॅमची असते आणि दहा किलोच्या कुत्र्याला रोजचा डोस साधारण 1 मिलिग्रॅम लागतो, फरक बघा किती आहे ते. औषध जेवणासोबत द्यायचं, उपाशीपोटी नाही. रोज चालू राहणार असेल तर सुरू करायच्या आधी आणि मग अधूनमधून रक्त तपासून किडनी-लिव्हर बघून घ्यायचं. उलटी झाली, काळी डांबरासारखी शी झाली, जेवण सोडलं तर पुढचा डोस थांबवा आणि लगेच डॉक्टरला फोन करा.

आणि एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. इंजेक्शन दिल्यावर कुत्रं दुसऱ्या दिवशी पळायला लागलं की आपल्याला बरं वाटतं, पण ते स्टेरॉइड होतं का हे विचारा आणि फाइलवर लिहून घ्या. स्टेरॉइड आणि ही दुखण्याची औषधं एकत्र पडली तर पोट-आतड्याला जखमा होतात, दोन्हीच्या मधे काही दिवस जावे लागतात. दुसऱ्या डॉक्टरकडं गेलात तर त्याला हे माहीत असायला पाहिजे. नुसत्या पेनकिलरनं भागत नसेल तर गॅबापेंटिन हे नसांच्या दुखण्याचं औषध जोडतात, ते पण डॉक्टरनं सांगितलेलंच आणा, माणसांच्या काही सिरपमधे झायलिटॉल म्हणजे साखरेऐवजी घालतात ते गोड असतं आणि ते कुत्र्याला विष आहे.

औषधाच्या बरोबरीनं काम करतं ते वजन. माझं मत विचाराल तर वजन उतरवल्याशिवाय बाकी कशाचाच पूर्ण उपयोग होत नाही. अमेरिकेत 48 लॅब्राडॉरवर पिल्लू असल्यापासून मरेपर्यंत अभ्यास झाला होता, निम्म्यांना दुसऱ्या निम्म्यांपेक्षा 25 टक्के कमी खायला दिलं, तर कमी खाणारे जवळपास दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचा संधिवातही उशिरा सुरू झाला. घरी बघायचं असेल तर बरगड्यांवर हात फिरवा, न दाबता बरगड्या लागल्या पाहिजेत, आणि वरून बघितलं तर कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. आपल्याकडं अडचण अशी की गुटगुटीत कुत्रं म्हणजे चांगलं पोसलेलं असं लोकांना वाटतं, आणि जत-आटपाडीकडच्या कारवानी कुत्र्यांच्या बरगड्या दिसतात म्हणून येणारा जाणारा त्यांना भाकरी टाकतो, ती जातच तशी सडपातळ असते, त्यांना जाड करू नका. वजन करायला कुत्र्याला उचलून घरच्या काट्यावर उभं राहायचं, मग आपलं वजन वजा करायचं, दोन आठवड्यातून एकदा पुरे. मोठा लॅब उचलत बसू नका, दवाखान्यातच करा. दूध-भाकरी, भात, बिस्किटं यातलं आधी बिस्किट बंद करा, मग बाकीचं थोडं थोडं कमी. मधे भूक लागली तर गाजर, काकडी, उकडलेला भोपळा चालतो.

खाण्यावरनं आठवलं, आपल्या सांगली भागात बेदाण्याचं फार सांभाळावं लागतं. तासगावकडं तर घरोघरी बेदाणा असतो आणि गोळी खाऊ घालायला तो सोपा पडतो, पण द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची किडनी बंद पाडू शकतात, किती खाल्ल्यावर ते प्रत्येक कुत्र्याचं वेगळं, थोड्यातही होतं. त्यात दुखण्याच्या औषधाचा किडनीवर ताण असतोच. शेडवर बेदाणा वाळत असेल तर कुत्रं तिकडं सोडायचं नाही. भडंग पण नको, त्यात लसूण असतो. गोळी चपातीच्या गोळ्यात किंवा उकडलेल्या अंड्यात लपवून द्या.

घरातली फरशी हा मोठा शत्रू आहे. गुळगुळीत टाइल्सवर पाय घसरला की दुखऱ्या सांध्याला झटका बसतो, मग कुत्रं घाबरून एका कोपऱ्यातच बसून राहतं. झोपायच्या जागेपासून पाण्यापर्यंत आणि दारापर्यंत रबर खाली असलेली पायपुसणी किंवा जुने योगा मॅट टाका. नुसतं गोणपाट टाकू नका, ते कुत्र्यासकट सरकतं, कडा चिकटवून घ्या. नखं कापा, पंजाच्या गाद्यांमधले केस कापा, एवढ्यानंसुद्धा पकड सुधारते. झोपायला तीन-चार इंच जाड फोम, वरून रेक्झिन आणि त्यावर वाकळ, म्हणजे धुता येते. थंडीत वाऱ्याच्या झोतात, उघड्या व्हरांड्यात झोपवू नका. जिन्याला आडवी फळी लावून बंद करा. उठवायला मदत लागत असेल तर टॉवेल पोटाखालनं, मागच्या पायांच्या जरा पुढं घ्या, दोन्ही टोकं वर धरा आणि हळू उचला. पुढच्या पायांना किंवा पट्ट्याला धरून ओढायचं नाही.

फिरवणं बंद करू नका, स्नायू गेले की सांध्यावर अजून भार येतो. दिवसातून तीनदा दहा-पंधरा मिनिटं, रोज सारखंच. आठवडाभर घरात आणि रविवारी तासभर असं केलं की सोमवारी उठता येत नाही. चेंडू फेकणं बंद, कारण धावत जाऊन एकदम वळणं सांध्याला वाईट. मोटरसायकलच्या मागं साखळीनं पळवणं तर तरण्या कुत्र्यालाही नको. एप्रिल-मेमधे डांबर तापायच्या आत सकाळी उरकून घ्या. पोहणं चांगलं असतं, पाण्यात सांध्यावर भार येत नाही, पण कृष्णेत नको, भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत, आणि प्लॅस्टिकचा कागद घातलेल्या शेततळ्यात तर अजिबात नको, काठ निसरडा असतो, कुत्र्याला वर येताच येत नाही.

सकाळी फिरवायच्या आधी शेक द्या. टॉवेल गरम पाण्यात पिळून आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचा, आपल्याला सोसतोय तेवढाच गरम, दहा मिनिटं, वरखाली हलकं चोळत. सांधा लाल, गरम, सुजलेला असेल तेव्हा शेक नको. हळद आपल्याकडची चांगलीच आहे, लेप लावलात तर काही बिघडत नाही, पण त्याच्या भरवशावर औषध थांबवू नका. फिश ऑइलमधल्या ओमेगा 3 चा उपयोग होतो, डोस डॉक्टरला विचारा, आणि कॉड लिव्हर ऑइल वेगळं, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व जास्त पडतं. सांध्यांसाठी म्हणून मिळणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्या महाग आहेत आणि त्यांचा पुरावा कच्चा आहे, पैसे मोजके असतील तर आधी रक्ततपासणी आणि पेनकिलरवर घाला.

घरातल्या लहान पोरांना सांगून ठेवा की त्याच्या पाठीवर बसायचं नाही, झोपलेलं असताना अंगावर पडायचं नाही. दुखतंय म्हणून ते चावू शकतं, त्यात त्याचा राग नसतो. घरात लघवी केली तर मारू नका, उठून बाहेर जाण्याइतका वेळ त्याला मिळत नाही एवढंच. रात्री झोपायच्या आधी एकदा बाहेर न्या आणि पाण्याचं भांडं गादीच्या जवळ ठेवा.

मागचे पाय एकदम लुळे पडले, लघवी अडली, दिवसभर पाणीही घेत नाही, किंवा औषध चालू असताना पण हात लावू देत नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरकडं न्या, नेताना चालवत नाही, फळीवर किंवा वाकळेत आडवं ठेवून.