'लहानपण दे गा देवा' : अर्थ बाजूला ठेवून घाट आणि नाद कसा बघायचा

कविता दिसली की आपण डायरेक्ट अर्थावर उडी मारतो, शाळेतली सवय. एकदा उलटं करून बघा, आधी घाट (म्हणजे रचना) आणि नाद. तुकोबांचा मोठेपणावरचा हा अभंग घ्या, पाठ असतोच आणि चारच ओळी आहेत.

आधी हातानं कागदावर लिहा आणि प्रत्येक ओळ मधल्या दंडापाशी (।, उभी रेघ) तोडा, आठ चरण मिळतील. आता बोटांवर अक्षरं मोजा, जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. मुं-गी-सा-ख-रे-चा-र-वा, 8. ऐरावत रत्न थोर, पुन्हा 8. म्हणजे हा लहान अभंग, चरणात 8 अक्षरं; मोठ्या अभंगात चार चरणांत 6-6-6-4 अक्षरं असा हिशोब असतो. (लहानपण मागायला लहान अभंगच, पण तुकोबांनी मुद्दाम केलं असं ठोकून देऊ नका.)

गाडी अडते ती पहिल्याच चरणात, 'लहानपण दे गा देवा' 9 भरतात, 'तुका म्हणे बरवे जाण' पण 9, आणि 'व्हावे लहानाहून लहान' तर चक्क 10! मला वाटलं मीच चुकलो, तीनदा मोजलं. मग मोठ्यानं म्हणून बघितलं तर तोंडात 'ल्हानपण' येतं, 'बर्वे' येतं, 'व्हावे ल्हानाहून ल्हान' येतं, आणि आता मोजा, तिन्ही 8! म्हणून अभंग कानानं मोजायचा, छापील अक्षरांनी नाही. काही प्रतींत नुसतं 'तुका म्हणे जाण' आहे, तिथे 6च होतात, त्यामुळे कुठल्या प्रतीतले शब्द घेतले ते वर लिहून ठेवा.

यमक पटकन होतं: देवा-रवा पक्कं, थोर-मार मध्ये फक्त र जुळतो, मोठेपण-कठीण मध्ये ण, आणि जाण-लहान मध्ये ण ला न, म्हणजे सैलच.

शेवटी पेन्सिलीनं सारखे आवाज गोल करा. 'दे गा देवा' मधले दोन दे, हत्तीच्या ओळीत ऐरावत, रत्न, थोर, मार असा र चा खडखडाट. आणि माझी लाडकी जागा 'तया यातना', त-या-या-त, उलटं वाचलं तरी तेच, जीभ जाते तशीच मागे येते, सावकाश म्हणा म्हणजे कळेल.