‘आम्हाला ठाऊक आहे’ हा संदर्भ नव्हे: विकिपीडियावर बडोद्याबद्दल लिहिताना या चुका टाळा

रविवारी सकाळी दांडिया बाजारात आमचं पाच-सहा जणांचं टोळकं जमतं. आधी शेव-उसळ, मग चहा, आणि मग दोन लॅपटॉप उघडून मराठी विकिपीडियावरची बडोद्याची पानं दुरुस्त करत बसणं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. आमच्यातले दोघं-तिघं तिथे बरीच वर्षं आहेत, एक मुलगी गेल्या दिवाळीपासून आलीय. एवढ्या काळात आम्ही चुकाही भरपूर केल्या, आणि बहुतेक एकाच जातीच्या: आपण बडोदेकर, म्हणजे बडोद्याचं आपल्याला ठाऊकच असणार.

राजवाडा आणि काकांचे वडील

आमच्यातल्या एका काकांनी लक्ष्मी विलास पॅलेसच्या पानावर एक परिच्छेद घातला. वास्तुविशारद मेजर चार्ल्स मँट यांना आपलं गणित चुकलं आणि इमारत कोसळणार अशी धास्ती बसली, त्यातच त्यांनी जीव दिला, वगैरे. बडोद्यात वाढलेल्या प्रत्येकानं ऐकलेली गोष्ट. दोन दिवसांत वाक्याच्या शेपटीला ‘संदर्भ हवा’ अशी खूण लागली आणि काका उखडले.

“अहो, माझे वडील सरकारवाड्यात नोकरीला होते! मला कोण विचारतंय संदर्भ?”

“काका, तुमच्यावर विश्वास आहेच,” ती दिवाळीवाली मुलगी म्हणाली, “पण उद्या नागपुरात बसून हे पान वाचणाऱ्याला तुमचे वडील कुठे भेटणार?”

काका गप्प झाले, चहाही गार झाला. ‘संदर्भ हवा’ म्हणजे ‘तुम्ही खोटं बोलताय’ असं नव्हे. ती खूण पाहून भांडायला धावू नका आणि ती काढूनही टाकू नका. वाक्याचे तुकडे करा. मँट १८८१ मध्ये वारले, काम रॉबर्ट चिझम यांनी पुढे नेलं, राजवाडा १८९० मध्ये पुरा झाला: हे छापील पुस्तकांत सापडतं, त्याला पुस्तकाचं नाव आणि पृष्ठ लावा. धास्तीची गोष्ट ठेवायची तर ‘अशी आख्यायिका सांगितली जाते’ असं लिहा. फक्त आख्यायिकेलाही संदर्भ लागतो, म्हणजे ती आख्यायिका म्हणून नोंदवणारं कुणाचं तरी लिखाण. ‘सगळे म्हणतात’ यातले ‘सगळे’ तळटीपेत बसत नाहीत.

याच राजवाड्याबद्दल दुसरं एक लाडकं वाक्य आहे: बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट मोठा. याला संदर्भ म्हणून बातम्यांचे पाच दुवे पाच मिनिटांत मिळतात. आणि खड्डा नेमका इथेच आहे. बातमी लिहिणाऱ्यानं ते वाक्य विकिपीडियावरूनच उचललेलं असू शकतं. मग आपण बातमीचा आधार घेतो, बातमी आपला घेते, आणि दोघंही एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभे. तपासायचं सोपं आहे. पानाच्या ‘इतिहास’ या टॅबवर जा, ते वाक्य पहिल्यांदा कधी आलं ते शोधा आणि बातमीची तारीख त्यापुढे ठेवा. बातमी नंतरची असेल आणि तिच्यात स्वतंत्र आधार दिलेला नसेल, तर ती बाजूला सारा. शिवाय चौपट म्हणजे काय मोजलं? बांधकाम, की बागेसकट सगळं आवार? हे न सांगणारा आकडा ज्ञानकोशात न घेतलेला बरा.

दोन सालं, दोन्ही खरी

सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचं साल आमच्याकडे चार वेळा बदललं गेलं. एकजण १८९३ लिहायचा, दुसरा येऊन १९०६ करायचा, पहिला परत १८९३. दोघांकडे पुस्तकं होती. मग एका रविवारी दोन्ही पुस्तकं एका टेबलावर उघडून ठेवली, तेव्हा उलगडा झाला. १८९३ मध्ये बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी अमरेली तालुक्यात प्रयोग म्हणून सुरुवात केली आणि १९०६ मध्ये सक्ती सगळ्या संस्थानाला लागू झाली. वाक्य एकाऐवजी दोन लिहिली, भांडण मिटलं. दोन विश्वासार्ह पुस्तकं भिडताना दिसली की आधी पाहावं, ती खरंच एकाच गोष्टीबद्दल बोलतायत का.

तारखांचा दुसरा घोळ खास बडोद्याचा. इथे जुनी मराठी पुस्तकं शके देतात, गुजराती पुस्तकं संवत देतात, आणि आपण बोटांवर मोजून इसवी सन टाकतो. शकात ७८ मिळवायचे, पण साधारण पौषाच्या मध्यापासून फाल्गुनअखेर ७९. संवताचं आणखी गमतीचं. उत्तरेकडे संवत चैत्रात बदलतो, गुजरातेत दिवाळीच्या पाडव्याला. म्हणून गुजराती पुस्तकातला संवत १९६२ चा श्रावण म्हणजे १९०६ चा श्रावण, शके १८२८. सरसकट ५७ वजा करणारा तिथे १९०५ लिहून मोकळा होतो. आमच्या एका पानावर हे एका वर्षाचं अंतर बरेच महिने तसंच पडून होतं. इतर शहरांतल्या संपादकांना ते दिसणार तरी कसं? तळटीपेत मूळ तिथी पुस्तकात आहे तशीच द्या, म्हणजे गणित चुकलं तरी दुसऱ्याला सुधारता येतं.

पुस्तक हातात आलं की

बडोद्याचं भाग्य असं की पुस्तकं आहेत. १९१० मध्ये सयाजीरावांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. त्याचं मध्यवर्ती ग्रंथालय मांडवीजवळ आजही उभं आहे, आतल्या मजल्यांना काचेच्या फरशा आहेत. तिथे बसून जुनं पुस्तक चाळताना होणारी चूक अशी: हवा तो मजकूर दिसतो, आपण मोबाइलवर फोटो काढतो, खूश होऊन घरी येतो. रात्री संदर्भ भरायला बसलो की कळतं, आवृत्ती कुठली, प्रकाशक कोण, साल कुठलं, काहीच नाही. पानाचा आकडाही अंगठ्याखाली गेलेला.

आता आमचा नियम तीन फोटोंचा आहे. मुखपृष्ठानंतरचं नावाचं पान, त्याच्या मागचं छपाईचं पान, आणि मजकुराचं पान त्याच्या आकड्यासकट. तुकडा पडेल असं जीर्ण पान असेल तर फोटोचा हट्ट सोडा, वहीत उतरवून घ्या. आणि जे पुस्तक स्वतः पाहिलं नाही, फक्त दुसऱ्याच्या तळटीपेत वाचलं, त्याचा संदर्भ थेट देऊ नका. ज्या पुस्तकात वाचलं त्याचाच द्या.

संस्थानानं स्वतः छापलेले अहवाल आणि गौरवग्रंथ जपून वापरा. शाळा किती काढल्या, कायदा कधी केला, याला ते चालतात. कारभार किती उत्तम होता, याला नाही. दरबाराच्या पैशांवर छापलेल्या पुस्तकात दरबाराची तक्रार कोण लिहील?

भांडण: दिल्ली दरबार

सगळ्यात मोठी शोभा आमची इथे झाली. १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात सयाजीराव पंचम जॉर्जपुढे एकदाच लवले आणि पाठ वळवून परतले, यावरून ब्रिटिश वर्तमानपत्रांनी आगपाखड केली. नंतर महाराजांनी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांना पत्र लिहून खुलासा केला. आता हा बाणेदारपणा होता की गडबडीत झालेली चूक? आमच्यातल्या एकानं लिहिलं, ‘साम्राज्याला जाहीर आव्हान दिलं’. दुसऱ्यानं ते उडवून ‘निव्वळ गैरसमज’ केलं. तीन रात्री हेच चाललं. दोघंही महाराजांचे भक्त, दोघंही रावपुऱ्यात एकमेकांपासून दोन गल्ल्यांवर राहणारे, आणि पानाच्या चर्चेत एक ओळ नाही! शेवटी एका प्रचालकानं, म्हणजे विकिपीडियाची व्यवस्था पाहणाऱ्या संपादकानं, पान काही दिवस सुरक्षित केलं, म्हणजे दोघांचेही हात बांधले.

चुका तीन होत्या. पहिली, उलटवाउलटवी, म्हणजे एकमेकांचे बदल रद्द करत बसणं. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा बदल उलटवले तर बंदी येऊ शकते, पण आकडा मोजत बसण्यात अर्थ नाही. तुमचा बदल एकदा उलटवला गेला की परत टाकू नका, चर्चा पानावर जा, मूळ मजकूर, तुमचा मजकूर आणि संदर्भ मांडा, समोरच्याला हाक मारा. तिथे जमलं नाही तर चावडीवर, म्हणजे सगळ्या संपादकांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, विचारा, त्रयस्थ माणूस लवकर वाट काढतो.

दुसरी चूक, मनातलं लिहिणं. महाराजांच्या मनात काय होतं ते विकिपीडियाला ठाऊक नाही. काय घडलं, वर्तमानपत्रांनी काय म्हटलं, पत्रात काय खुलासा आहे, नंतरच्या इतिहासकारांनी काय अर्थ लावला: चार वेगळी वाक्यं, चार वेगळे संदर्भ, आणि अर्थ लावणाऱ्याचं नाव वाक्यातच. आज त्या परिच्छेदात ना ‘आव्हान’ आहे ना ‘गैरसमज’, वाचणारा आपला ठरवतो.

तिसरी चूक मला कबूल करायला जड जाते, कारण ती मी केली. आमच्या व्हॉट्सॲप गटावर मी टाकलं, ‘जरा येऊन आपल्या बाजूनं लिहा रे’. पाच जण आले, पाचांनी तेच लिहिलं. विकिपीडियावर डोकी मोजत नाहीत, मुद्दा मोजतात. आणि अशी बोलावून आणलेली गर्दी दिसली की तुमच्या खऱ्या मुद्द्यावरचाही विश्वास उडतो. एकाच माणसानं दोन खाती काढून स्वतःलाच दुजोरा देणं तर त्याहून वाईट.

जाता जाता आदरार्थी बहुवचनाबद्दल. नवीन लोक विचारतात, तटस्थ लिहायचं म्हणजे ‘सयाजीराव जन्मला’ लिहायचं का? मुळीच नाही. मराठीत ‘जन्मले’ ही साधी रीत आहे, पक्षपात नव्हे. पक्षपात ‘प्रातःस्मरणीय’, ‘द्रष्टे’, ‘प्रजेचे लाडके’ यांत असतो. ती विशेषणं काढली की महाराज लहान होत नाहीत. कवळाण्याच्या शेतकरी घरातला मुलगा १८७५ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसतो आणि १९३९ पर्यंत राज्य करतो, याला विशेषण कशाला हवं?

यंत्रानं केलेलं भाषांतर

इंग्रजी पान यंत्राला द्यायचं आणि आलेलं मराठी चिकटवायचं, हा सध्याचा साथीचा रोग. यंत्र बडोदा संस्थानाला कधी ‘राज्य’ करतं, कधी ‘रियासत’. गायकवाडांचे ‘गैकवाड’ होतात, मल्हारराव तुटून ‘मल्हार राव’ होतात. शब्द सुधारता येतात, पण सोबत आलेले इंग्रजी संदर्भ कुणी उघडून पाहत नाही, आणि त्यातला एखादा दुवा भलतंच काही सांगत असतो. न वाचलेला संदर्भ म्हणजे न वाचता केलेली सही. भाषांतर केलंच, तर संपादन सारांशात, म्हणजे बदल जतन करताना लिहायच्या छोट्या नोंदीत, मूळ पानाचा दुवा द्या. मजकूर मुक्त परवान्याचा असला तरी मूळ लेखकांचं श्रेय देणं त्या परवान्याचीच अट आहे.

बारीकसारीक अडचणी

दुवा मेला असेल तर संदर्भ पुसू नका. वेबॅक मशीन या संकेतस्थळांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या संग्रहात जुनी प्रत बहुधा मिळते, ती जोडा. नवीन दुवा देताना त्याची प्रत तिथे आधीच साठवून ठेवलेली बरी.

नवीन पान उडवलं गेलं? बहुतेक वेळा विषयाशी संबंध नसलेल्या लोकांनी त्यावर सविस्तर लिहिलेलं काही नसतं. आपल्या गल्लीतल्या गणेश मंडळाची स्मरणिका मंडळानंच छापलेली असते, ती पुरत नाही. आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या कच्च्या पानावर, लिहा, दोन-तीन स्वतंत्र संदर्भ जमवा, मगच पान करा. स्वतःच्या संस्थेवर किंवा आजोबांवर लिहायचं असेल तर चर्चा पानावर नातं सांगून माहिती सुचवा, लिहू दुसऱ्याला द्या.

पान सापडत नाही? बडोदा, बडोदे, वडोदरा, तिन्ही नावं शोधा. असलेल्या पानाचं जुळं तयार करण्याऐवजी दुसऱ्या नावावरून त्याच पानाकडे नेणारं पुनर्निर्देशन करा.

कार्यशाळेत सातव्या मुलाचं खातं उघडत नाही? ती मुलाची चूक नाही. एकाच आयपी पत्त्यावरून दिवसाला सहाच खाती उघडता येतात, आणि कॉलेजचं वायफाय म्हणजे एकच पत्ता. आम्ही एकदा तीस मुलं गोळा करून तोंडघशी पडलो. खाती घरून उघडून यायला सांगा, किंवा प्रचालकांशी आठवडाभर आधी बोला.

कीर्तिमंदिराचे फोटो

आमच्या फोटोवाल्या आजोबांनी कीर्तिमंदिराचे बारा फोटो कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहावर, चढवले. इमारतीचे राहिले, आतल्या भित्तिचित्रांचे काढले गेले. आजोबांना वाटलं, कुणीतरी आकसानं केलं. पण भारतीय कायद्यात सार्वजनिक जागी कायम असलेल्या इमारतीचा किंवा शिल्पाचा फोटो चालतो, भिंतीवरच्या चित्राला ही सवलत नाही. चित्रं नंदलाल बोस यांची, ते वारले १९६६ मध्ये, आणि चित्रकाराचा हक्क मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १ जानेवारी २०२७ पासून ती मोकळी. कॉमन्सवर अमेरिकेचा कायदाही पाहतात, तो याहून लांब जाऊ शकतो, हे आजोबांना समजावून झालंय. तरी त्यांनी त्यातल्या गंगावतरणाच्या चित्राचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलेत आणि फोल्डरला नाव दिलंय ‘थांबा’.