इटालियन रेपिअर शिकायचीय? आधी भोसकायची घाई सोडा

रेपिअर म्हणजे भोसकायची लांब, सरळ युरोपियन तलवार, पण नाव काढलं की लोकांच्या डोळ्यासमोर सिनेमातली लवलवती काडी येते. खरी हातात घेतली की पहिला धक्का वजनाचा, किलोभर किंवा वरच आणि पातं मीटरभर लांब, ऑलिम्पिकमधली फॉइल (फेन्सिंगची हलकी तलवार) याच्या निम्मीपण भरत नाही. त्यामुळे नुसत्या मनगटाने खेळायला गेलात तर आठवड्यात मनगट बोंबलतं, माझं बोंबललं होतं.

शिकायचं कोणाकडून, तर 400 वर्षांपूर्वीच्या उस्तादांकडून, त्यांच्या पुस्तकांचे स्कॅन आणि इंग्रजी भाषांतरं नेटवर सापडतात. 1606 ला व्हेनिसमधून निकोलेत्तो जिगान्तीचं आलं, त्याच वर्षी कोपनहेगनमधून साल्वातोर फाब्रिसचं, 1610 ला सिएनामधून रिदोल्फो कापोफेर्रोचं. माझं ऐकाल तर जिगान्तीपासून सुरू करा, तो सरळ मुद्द्याचं बोलतो. फाब्रिस भारी आहे पण त्याच्या चित्रातली माणसं कमरेतून इतकी वाकलेली असतात की सुरुवातीलाच नक्कल करायला गेलात तर पाठ धरेल.

हाताच्या स्थिती चार, ही मोजणी 1553 मध्ये कामिल्लो आग्रिप्पाने लावून दिली, तो मुळात इंजिनियर माणूस. म्यानातून उपसल्याबरोबर हात वर, अंगठा खाली, ती प्रीमा. तळवा जमिनीकडे वळला की सेकोंदा, आतल्या बाजूला असला की तेर्त्सा, आणि आभाळाकडे झाला की क्वार्ता. तेर्त्सात उभे राहा, उजवा पाय पुढे, वजन मागच्या पायावर. रोज दहा मिनिटं नुसतं असं उभं राहायचं, कंटाळा येतो, मांडी थरथरते, पण याला शॉर्टकट नाही.

आता खरी गंमत. पात्याचा मुठीजवळचा भाग फोर्ते म्हणजे ताकदीचा, टोकाकडचा देबोले म्हणजे कमजोर. समोरच्याच्या देबोलेवर आपला जास्त ताकदीचा भाग आणून ठेवायचा, दाबायचं नाही हां, फक्त त्याची सरळ वाट बंद करायची. त्याची तलवार आपल्या डाव्या अंगाला असेल तर हात क्वार्ताकडे, उजव्या अंगाला असेल तर सेकोंदाकडे. हे जमल्याशिवाय वार केलात तर दोघंही एकाच वेळी भोसकले जाता, आणि नवशिक्यांच्या दहातल्या आठ लढती अशाच संपतात (मोजलेलं नाही, बघून सांगतोय). पट्टा नाहीतर मर्दानी खेळ केलेल्यांना इथे जरा जड जातं, कारण हात आपोआप गोल फिरायला लागतो.

वाट बंद झाली की समोरचा काय करणार, टोक खालून काढून दुसऱ्या बाजूला नेणार, याला कावात्सिओने म्हणतात. त्याचं टोक फिरत असतं तेवढाच क्षण तुमचा, त्यालाच तेंपो म्हणतात. जोडीदाराला सांगून हे एकच पन्नास वेळा करून घ्या, तो टोक फिरवेल, तुम्ही हात वळवत पुन्हा वाट बंद करत सरळ आत जायचं.

लंजमध्ये, म्हणजे पुढचा पाय लांब टाकून भोसकताना, आधी हात, मग अंग, मग पाय. पाय आधी पडला तर छाती पुढे आणि तलवार मागे, म्हणजे आमंत्रणच. भिंतीसमोर दोरीला जुना ग्लोव्ह टांगा आणि त्यावर सराव करा. परत येताना जिगान्ती सांगतो आधी डोकं मागे न्या, अंग आपसूक मागे येतं. मला आधी खोटं वाटलं, मग करून पाहिलं.

जोडीदाराबरोबर हळू खेळतानाही फेन्सिंग मास्क, गळ्याला गॉर्जेट, जाड जॅकेट, ग्लोव्ह्ज आणि टोकाला रबराची टोपी हवीच. टोपी दर फेरीआधी ओढून बघायची, ती निघते तेव्हा आवाज करून निघत नाही.